सनद आणि वहिवाट

इ. स. १५१९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील लाइपझिगच्या किल्ल्यात मार्टिन ल्यूथर आणि योहान एक् या दोन धर्मपंडितांचा जो प्रसिद्ध वाद झाला, त्याचा उघड विषय पोपच्या अधिकाराचा उगम हा होता. ‘केवळ शास्त्र’ हे सूत्र हाती घेऊन ल्यूथर त्या सभेत उतरला नव्हता. एक् हा कसलेला वादपटू होता. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडीत बसण्यापेक्षा ते त्याच्याच तोंडून शेवटच्या टोकापर्यंत वदवून घ्यावे, म्हणजे त्याचा निकाल आपोआप लागतो, हे तो जाणून होता. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने ज्या यान हूसला पाखंडी ठरविले आणि ज्याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले, त्याचीच मते हा गृहस्थ बोलत आहे, असा आरोप त्याने ठेवताच ल्यूथरने प्रथम तो झिडकारला. पण मध्यंतरानंतर तो सभेत परतला तो हूसच्या निषिद्ध ठरलेल्या विधानांपैकी कित्येक अस्सल ख्रिस्ती आहेत अशी कबुली देतच. एक् याला तेवढे पुरेसे होते. हूस बरोबर असेल तर परिषद चुकली; पोप चुकू शकतो हे तर ल्यूथरचे आधीपासूनचे म्हणणे; मग ख्रिस्ती मनुष्याने अखेरची दाद मागावी तरी कोठे? दोन वर्षांनी वर्म्सच्या राजसभेत, सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर, शास्त्राच्या आधाराने अथवा उघड युक्तिवादाने आपली खात्री पटविल्याखेरीज आपण लिहिलेले मागे घेणार नाही, असे सांगून ल्यूथरने त्या प्रश्नाचे उत्तर दिले.

हा क्रम ध्यानात ठेवणे मला फार अगत्याचे वाटते. ‘केवळ शास्त्र’ हा सिद्धांत कोणी एकांतात ग्रंथ वाचता वाचता बसविलेला नाही. एकामागून एक सर्व कचेऱ्यांचे दरवाजे बंद झाल्यावर जे अपिलाचे स्थान उरले, त्याचे ते नाव आहे. त्या अर्थाने तो वाचनाचा सिद्धांत नसून अपिलाचा सिद्धांत आहे, आणि त्यावर गेली पाचशे वर्षे जे गैरसमज चढले आहेत, त्यांतील बहुतेक हा भेद विसरल्यामुळे चढले आहेत. ल्यूथरने परंपरा टाकून दिली नाही. अर्भकांचा बाप्तिस्मा त्याने ठेवला, ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेचा सिद्धांत ठेवला, उपासनेचा बराचसा जुना क्रमही ठेवला. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनचे ग्रंथ तर ऑगस्टीन आदी प्राचीन आचार्यांच्या आधारांनी इतके भरलेले आहेत की परंपरेचा शत्रू म्हणून त्याचे चित्र काढणाऱ्याने ते उघडून पाहिले नसावेत असेच म्हणावे लागते.

आपल्याकडील जुन्या वतनाच्या तंट्यांत लेखी सनद आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हे दोन्ही पुरावे गोतसभेपुढे येत. वहिवाट म्हणजे खोटेपणा असे कोणी मानीत नसे. सनद गहाळ झाली असेल, तर वहिवाटीच्या बळावरच निवाडा करणे भाग पडे. परंतु सनद हजर आहे, तिच्यावरील शिक्का खरा आहे हे उभय पक्षांना मान्य आहे, आणि वहिवाट मात्र तिच्याशी जुळत नाही, अशी वेळ आली म्हणजे काय करावे? सोळाव्या शतकातील युरोपचा तंटा नेमका या जातीचा होता. त्यात अवघड गोष्ट ही की ज्याच्या वहिवाटीविषयी फिर्याद होती, त्याच्याच दफ्तरात ती सनद पंधराशे वर्षे सांभाळली गेली होती, आणि तिचा अर्थ सांगण्याचा हक्कही तोच सांगत होता.

रोमचे उत्तर ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी, आपल्या चौथ्या अधिवेशनात दिले. ख्रिस्ताने आणि त्याच्या प्रेषितांनी दिलेले सत्य लिखित ग्रंथांत आणि अलिखित परंपरांत सामावलेले आहे, आणि परिषद त्या दोहोंचा सारख्याच भक्तिभावाने व आदराने स्वीकार करते, असा तो ठराव होता. या ठरावाच्या मसुद्याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. मूळ मसुद्यात हे सत्य ‘अंशतः’ ग्रंथांत आणि ‘अंशतः’ परंपरांत आहे, असे शब्द होते. म्हणजे अर्धी मिळकत एका पेटीत आणि उरलेली दुसऱ्या पेटीत, असा सरळ हिशेब होता. सर्व्हाइट संघाचा प्रमुख बोनुच्चो याने त्याला हरकत घेतली, आणि अखेरच्या मजकुरात ते दोन शब्द जाऊन केवळ ‘आणि’ उरला. किओज्जाचा बिशप नाक्कियान्ती याने तर ग्रंथ व परंपरा यांना सारखाच मान देणे हे अधर्म्य आहे असे भर परिषदेत बोलून दाखविले. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे चार शतके कॅथॉलिक पाठ्यग्रंथांतून दोन पेट्यांचाच हिशेब शिकविला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास ट्युबिंगेनचा कॅथॉलिक पंडित गाइझेलमान याने त्या गाळलेल्या शब्दांकडे बोट दाखवून, ट्रेंटने दोन पेट्या ठरविल्याच नव्हत्या असे प्रतिपादन केले, तेव्हा खुद्द रोमन पंडितांतच खळबळ उडाली.

कॅथॉलिक पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा ग्रंथाच्या यादीविषयीचा आहे, आणि त्याला बगल देणारा प्रॉटेस्टंट माझ्या मते आपल्या पक्षाची हानीच करतो. नव्या करारात पुस्तके सत्तावीस का, याचे उत्तर त्या सत्तावीसांपैकी एकाही पुस्तकात नाही. आज आपल्या हाती आहे नेमकी तीच यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. त्यानंतर ३९३ साली हिप्पो येथे आणि ३९७ साली कार्थेज येथे आफ्रिकेतील बिशपांनी ती मान्य केली. तोवर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राविषयी पश्चिमेत आणि प्रकटीकरणाविषयी पूर्वेत शंका होत्याच. खुद्द ल्यूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात याकोबाच्या पत्राला हलके लेखून ते, इब्री लोकांस पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण यांसह, शेवटी नेऊन ठेवले. कोणते पुस्तक शास्त्र आहे हे शास्त्राबाहेरच्या साक्षीने ठरणार असेल, तर ‘केवळ शास्त्र’ यातील ‘केवळ’ टिकतो कसा? कॅल्व्हिनने शास्त्र स्वतःच स्वतःची साक्ष देते आणि पवित्र आत्मा वाचकाच्या अंतःकरणात त्यावर मोहोर उठवितो, असे उत्तर दिले. भक्ताच्या अनुभवाला ते सत्य असेल. परंतु तिसऱ्या योहानाचे चिमुकले पत्र यादीत का आणि क्लेमेंटचे भारदस्त पत्र बाहेर का, याचा निकाल अंतःकरणाच्या मोहोरेवर लावता येईल असे मला वाटत नाही.

तरीही यादीच्या मुद्द्यावरून रोम जो निष्कर्ष काढते तो त्यातून निघत नाही. ग्रंथ ओळखणे आणि ग्रंथाला अधिकार देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ज्या दफ्तरदाराने अस्सल सनदा बनावट कागदांपासून वेगळ्या काढल्या त्याचे उपकार मोठे. पण त्यामुळे त्या सनदांनी दिलेली जमीन त्याची होत नाही, आणि त्याच्याविरुद्धच्या फिर्यादीत तो मुनसफ तर मुळीच होत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्तसभेने शुभवर्तमाने चार ठरविली आणि बाकीची दूर केली, यातच आपल्याहून निराळे व आपल्याला बांधणारे असे काही आहे ही कबुली तिने दिली. यादी बंद करणारा समाज स्वतःवर मर्यादा घालून घेत असतो.

आयरेनियसचे उदाहरण येथे फार मोलाचे आहे. लिआँचा हा बिशप इ. स. १८० च्या सुमारास ज्ञानवादी पंथांशी झगडत होता, आणि प्रेषितांनी निवडक शिष्यांच्या कानात सांगितलेली गुप्त, अलिखित परंपरा आपल्यापाशी आहे असे म्हणणारे ते पंथच होते. त्यांच्याविरुद्ध आयरेनियसने परंपरेचाच दाखला दिला, पण तो कोणत्या परंपरेचा? रोमची, स्मुर्नाची, इफिसची मंडळी उघड्यावर, सर्वांदेखत, एका बिशपामागून दुसऱ्या बिशपाच्या तोंडून जे शिकवीत आली, तिचा. त्याच्या युक्तिवादाचे सगळे बळ परंपरेच्या उघडेपणात आहे. जी परंपरा चारचौघांत तपासता येते तीच साक्ष. जी केवळ तिचा धारक सांगतो म्हणून मानायची ती साक्ष नव्हे, मग धारक ज्ञानवादी गुरू असो की गादीवरचा पोप. परंपरा ही साक्षीदार आहे, तिचा मान साक्षीदाराचा मान आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करता आली पाहिजे. ती करण्याचे साधन म्हणजे शतकानुशतके न बदलता सर्वांच्या हाती राहिलेला लेखी ग्रंथ. माझे या प्रकरणातील मत एवढेच आहे, आणि त्याची जी किंमत मोजावी लागते ती मोजूनही मी ते धरून आहे.

किंमत थोडी नाही. पहिली गोष्ट म्हणजे परंपरा ग्रंथाच्या बाहेर उभी आहे आणि ग्रंथ तिच्यापासून सोवळा आहे, ही कल्पनाच खरी नाही. जुना करार ज्या हिब्रू लिपीत लिहिला गेला तीत मुळात व्यंजनेच लिहीत. स्वर वाचकाने परंपरेने भरावयाचे. आज छापील हिब्रू बायबलात अक्षरांच्या खालीवर जे ठिपके व रेघा दिसतात, ती स्वरचिन्हे तिबेरियास वगैरे ठिकाणच्या यहुदी पंडितांनी, मासोरेतांनी, इ. स. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान बसविली. ग्रंथ ल्यूथरने वाचला तो या ठिपक्यांसकट. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी म्हातारा याकोब नमन करतो. मासोरेतांच्या स्वरांप्रमाणे ते पलंगाच्या उशाकडे आहे, पण त्याच व्यंजनांत दुसरे स्वर भरले की पलंगाची काठी होते, आणि नव्या करारातील इब्री लोकांस पत्र जुन्या ग्रीक भाषांतराला अनुसरून काठीच सांगते. म्हणजे एकाच पवित्र शास्त्राच्या दोन पानांवर वाचनाच्या दोन परंपरा शेजारी नांदत आहेत. स्वरचिन्हे उत्तरकालीन आहेत हे यहुदी वैयाकरण एलिया लेव्हिटाने १५३८ सालीच लिहिले. १६२४ साली सोम्यूरच्या लुई कापेल या प्रॉटेस्टंट पंडिताने ते सविस्तर सिद्ध केले. यावर रोमच्या वादपटूंना आनंद झाला, आणि बाझेलच्या बुक्सटॉर्फ पितापुत्रांनी उलट बाजू लढविली. त्या भीतीची परिसीमा १६७५ च्या स्विस श्रद्धापत्रिकेत झाली: हिब्रू ग्रंथाची व्यंजनेच नव्हेत, तर स्वर, म्हणजे ती चिन्हे किंवा निदान त्यांचे सामर्थ्य, हेही ईश्वरप्रेरित आहे, असे तीत ठरविण्यात आले. परंपरेची मदत कबूल करण्यापेक्षा ठिपक्यांनाच दिव्यत्व देणे ज्यांना सोपे वाटले, त्यांनी ‘केवळ’ या शब्दाला मूळ सिद्धांताहून मोठे केले. कापेलचा मार्ग निर्भय होता: साक्षीदाराला साक्षीदार म्हणावे, त्याचे म्हणणे तपासावे, बहुधा स्वीकारावे, आणि जेथे ते टिकत नाही तेथे तसे सांगावे.

दुसरी किंमत मारबुर्गला दिसली. १५२९ च्या ऑक्टोबरात हेसेनचा सरदार फिलिप याने ल्यूथर आणि झुरिचचा झ्विंग्ली यांना आपल्या किल्ल्यात एकत्र बसविले. शेवटच्या भोजनप्रसंगी ख्रिस्ताने भाकरीविषयी उच्चारलेले चार लॅटिन शब्द ल्यूथरने बैठकीपूर्वीच खडूने मेजावर लिहून वर मखमलीचे आच्छादन टाकून ठेवले होते, आणि झ्विंग्ली रूपकाचा अर्थ लावू लागताच ते दूर सारून त्याने ती अक्षरे दाखविली, असे सांगतात. पंधरापैकी चौदा कलमांवर दोघांचे एकमत झाले. पंधराव्यातील या एका मुद्द्यावर झाले नाही, आणि प्रॉटेस्टंट युरोप दुभंगला तो दुभंगलाच. ग्रंथ एक, श्रद्धा एक, दोघांनाही मूळ ग्रीक उत्तम येत होते. तरी निवाडा झाला नाही. त्याहून काळे प्रकरण झुरिचमध्ये आधीच घडून गेले होते. ग्रंथात अर्भकांचा बाप्तिस्मा कोठे आहे, असे झ्विंग्लीच्याच शिष्यांनी त्याला विचारले. प्रश्न त्याच्याच पद्धतीचा होता. त्याचे उत्तर म्हणून नगरपालांनी जानेवारी १५२७ मध्ये फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारले. ज्यांनी रोमच्या हुकमतीविरुद्ध ग्रंथाकडे दाद मागितली, त्यांनी दोन-चार वर्षांतच आपल्या अर्थाला नगरपालिकेचा हुकूम केला. या अन्यायाची सफाई देणे मला शक्य नाही, आणि देण्याची इच्छाही नाही.

पण या दोषावर रोमने जो उपाय योजला त्यात रोग्याबरोबर परंपराही दगावते. पाचव्या शतकातील लेरँसच्या व्हिन्सेंटने परंपरेची कसोटी सांगितली होती: जे सर्वत्र, सर्वकाळ आणि सर्वांनी मानले ते. ही कसोटी अपुरी आहे, पण ती उघड कसोटी आहे. १८४५ साली अँग्लिकन पंडित न्यूमनने सिद्धांताच्या विकासाचा आपला विख्यात प्रबंध लिहून, त्याच वर्षी रोमची दीक्षा घेतली. बीजात जे सुप्त होते ते काळाच्या ओघात प्रकट होते, हे त्याचे म्हणणे सखोल आहे, परंतु ही वाढ निरोगी की विकृत, हे अखेर कोणी ठरवावयाचे, या प्रश्नावर तोही पोपपाशीच येऊन थांबतो. नऊ वर्षांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत निघाला, १८७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा, आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी बाराव्या पायसने मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत घोषित केला. या शेवटच्या सिद्धांतापूर्वी व्युर्त्सबुर्गचा प्राचीन आचार्यांचा कॅथॉलिक अभ्यासक बेर्थोल्ड आल्टानर याने, पाचव्या शतकापूर्वी या समजुतीची वार्ताही आढळत नाही, असे दाखवून दिले होते. म्हणजे ग्रंथात नाही, प्राचीन परंपरेतही नाही. तरी आज गादी सांगते म्हणून ती प्रेषितांची परंपरा. येथे वहिवाटही उरली नाही. वहिवाट काय होती ते सांगण्याचा मक्ता तेवढा उरला. परंपरेवर ज्याचे खरे प्रेम आहे त्याला प्रॉटेस्टंटाहून अधिक दुःख याचे व्हावे.

हा वाद परदेशचा म्हणून मराठी वाचकाने दूर ठेवावा असे मात्र नाही. तो आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांत लढला गेला आहे. गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा बायबलाचे भाषांतर न करता त्याची कथा ओव्यांत गुंफून, पाद्री आणि श्रोते यांच्या संवादातून सांगितली: लोकांच्या हाती ग्रंथ येतो तो सांगणाऱ्याच्या तोंडून, ही कॅथॉलिक वृत्ती तेथे उत्कट सौंदर्याने प्रकट झाली आहे. उलट विल्यम केरीने बंगालमधील श्रीरामपुराहून १८११ मध्ये मराठी नवा करार काढला तो, ग्रंथ वाचकाच्या हाती द्यावा आणि बाजूस व्हावे, या भरवशावर.

परंतु या प्रश्नाची खरी धग पाहावयाची असेल तर पंडिता रमाबाईंचा सिस्टर जेराल्डीनशी झालेला पत्रव्यवहार पाहावा. १८८३ साली वाँटेज येथील उच्च परंपरानिष्ठ अँग्लिकन मठाच्या छायेत बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई दोनच वर्षांत, त्रैक्याचा सिद्धांत आणि अथेनेशियसच्या नावावर चालणारा मतांगीकार यांचा ग्रंथाधार कोठे आहे, म्हणून आपल्या धर्ममातेशी, म्हणजे याच जेराल्डीनशी, भांडू लागल्या. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, हे त्यांचे निक्षून सांगणे होते. जेराल्डीनला यात अहंकार दिसला. मला यात अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक दिसते. बायकोला संस्कृत शिकविल्याबद्दल उडुपीच्या धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला, तेव्हा शास्त्रीबुवांनी प्रचलित आचाराविरुद्ध ग्रंथांतील वचनांची रास उभी केली होती. मुलीने तेच केले. ग्रंथ तेवढा बदलला. आणि ज्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांच्या लेखनाचा रमाबाईंच्या धर्मांतरात वाटा होता, ते स्वतः काऊली मठाच्या परंपरानिष्ठ संन्याशांकडे ओढले गेले. प्रत्यक्ष श्रुतीशी विरोध आला तर स्मृती दूर ठेवावी, विरोध नसेल तर तिच्यामागे एखादी लुप्त श्रुती असल्याचे अनुमान करावे, हा जैमिनीचा नियम या दोघांच्याही परंपरेतला; गोऱ्यांनी जणू त्याचा उत्तरार्ध जगून दाखविला आणि रमाबाईंनी पूर्वार्ध. पुढे केडगावला रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून अवघ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. ज्या हिब्रूवरून त्यांनी ते केले तिच्यावर मासोरेतांचे ठिपके होतेच. मंडळीच्या हुकमापुढे वाकण्याचे नाकारणाऱ्या त्या बाईने अनामिक यहुदी पंडितांची साक्ष मात्र ओळीओळीला घेतली, आणि हे दोन्ही करण्यात मला काडीचीही विसंगती दिसत नाही.

परंपरेची साक्ष तपासावी लागते, हे रोममध्येही कळलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये साक्षात्काराच्या ‘दोन उगमां’चा जुन्या वळणाचा मसुदा आला, तेव्हा १,३६८ सभासदांनी तो थांबविण्याच्या बाजूने आणि ८२२ जणांनी विरुद्ध मत दिले; दोन-तृतीयांश भरत नव्हते, तरी पोप तेविसाव्या जॉनने तो मागे घेतला. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या मजकुरात ग्रंथ व परंपरा एकाच दिव्य झऱ्यातून वाहतात आणि धर्मगुरूंचे शिक्षणपद देवाच्या वचनाच्या वर नसून त्याचे सेवक आहे, असे शब्द आले. ट्रेंटपासून इतके अंतर कापलेले पाहून कोणत्याही प्रॉटेस्टंटाने समाधान मानावे. परंतु सेवक चुकला तर तसे कोणी, कशाच्या आधारे म्हणावयाचे, यावर तो मजकूर मुका आहे. परिषदेत १९६४ साली शिकागोचे कार्डिनल मायर यांनी नेमके यावर बोट ठेवले होते: इतिहासात परंपरा वाढते तशी बिघडतेही, आणि तो बिघाड ओळखण्याचे माप म्हणून ग्रंथाचे स्थान मजकुरात स्पष्ट लिहावे, अशी त्यांची मागणी होती. ती मजकुरात उतरली नाही. परिषदेनंतर लिहिलेल्या भाष्यात योझेफ रात्झिंगर या तेव्हाच्या तरुण जर्मन पंडिताने, ही परंपरेची चिकित्सा राहून गेली हे परिषदेचे खेदजनक न्यून आहे, असे स्वच्छ नोंदविले. हेच रात्झिंगर २००५ साली पोप झाले. पण १९६५ च्या त्या मजकुरात कार्डिनल मायर यांनी मागितलेले कलम आजही नाही.